कॉमिकच्या पहिल्या अंकात महाकाय हल्क राखाडी का होता?

हल्कचे लेखक स्टॅन ली यांनी तो रंग मुद्दाम निवडला होता. हल्क कुठल्याच वंशाचा वाटू नये म्हणून. घात केला छपाईने. मे १९६२चा तो पहिला अंक नीट बघा: एका चौकटीत हल्क फिकट, दुसरीत जवळजवळ काळा, कुठे चक्क हिरवट! तेव्हा कॉमिक्स स्वस्त, शाई शोषणाऱ्या कागदावर छापत. निळ्या, लाल, पिवळ्या ठिपक्यांतून राखाडी जुळवायचा, तर एक शाई जरा कमीजास्त झाली की छटा बिघडलीच. हिरव्याला निळा-पिवळा पुरतो, म्हणून दुसऱ्या अंकापासून हल्क हिरवा. पुनर्मुद्रणांत तर पहिली कथाही हिरव्यात रंगवली गेली. मला मात्र राखाडीच जास्त भेसूर वाटतो, आणि १९८६मध्ये तो कॉमिक्समध्ये परतलाही.