निधनवार्ता आज द्या, मृत्युलेख सावकाश लिहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील गेले, लिहायचं काम तुमच्यावर आलं, भावंडांना ते उद्याच्याच अंकात हवंय आणि कागदावर 'प्रेमळ, मनमिळाऊ' याच्या पुढे काही उतरत नाहीये. त्यात आजाराचं नाव द्यावं का आणि वडिलांच्या पहिल्या लग्नाच्या मुलीचं नाव घालावं का, यावरून घरात दोन तट पडलेत. एका दैनिकाच्या जाहिरात खिडकीवर बसून मी बरीच वर्षं असे मजकूर घेतले आणि तपासले, त्या अनुभवावरून लिहितो.

तुम्ही अडलात कारण दोन वेगळी कामं एकाच कागदावर करू बघताय. एक म्हणजे लोकांना कळवणं आणि दुसरं म्हणजे माणूस कसा होता ते सांगणं. पहिल्याला घाई आहे, दुसऱ्याला अजिबात नाही. म्हणून आज फक्त निधनवार्ता लिहा: नाव, वय, कधी गेले, अंत्यविधी किंवा शोकसभा कधी आणि कुठे, कोणाशी बोलायचं. पाच-सहा ओळींत बसतं. मृत्युलेख महिन्याने लिहा, वर्षाने लिहा, त्यांच्या वाढदिवसाला प्रसिद्ध करा. त्याला उशीर झाला तरी चालतो.

वर्तमानपत्रातही या दोन गोष्टी वेगळ्याच असतात. पैसे भरून छापायची निधनवार्ता ही जाहिरात असते. ती शब्दांवर, ओळींवर किंवा जागेवर मोजली जाते, फोटोचे बहुधा वेगळे पैसे पडतात आणि मजकूर तुमचा असतो. संपादकीय विभागाचा मृत्युलेख त्यांचे लोक लिहितात आणि तो विकत मिळत नाही. वडिलांचं काम सार्वजनिक स्वरूपाचं असेल तर संपादकीय विभागाला एक पान पाठवा: कामाचे टप्पे, वर्षं, एक स्वच्छ फोटो, खात्री करून घ्यायला दोन माणसांचे संपर्क. विशेषणं नकोत. पुढचं त्यांच्यावर सोडा.

जाहिरात घेताना मृत्यूचा पुरावा मागितला तर रागावू नका. जिवंत माणसाची निधनवार्ता खोडसाळपणे छापून आणण्याचे प्रकार जगभर झालेत, म्हणून तो नियम आलाय. उद्याच्या अंकासाठी मजकूर किती वाजेपर्यंत घेतात ते मात्र पहिल्याच फोनवर विचारा. छापण्याआधीची प्रत मागून घ्या आणि ती घरातल्या अशा कोणाला तरी वाचायला द्या, ज्याने मूळ मजकूर लिहिलेला नाही. चुका कुठे होतात ते ठरलेलं आहे. वार आणि तारीख जुळत नाही, हा पहिला नंबर. मग आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ. मग फोन नंबरातला एक आकडा. आणि संपर्कासाठी तुमचा नंबर देऊ नका, थोड्या लांबच्या, शांत डोक्याच्या नातेवाइकाचा द्या.

आता सावत्र बहिणीबद्दल. खिडकीवर सगळ्यात जास्त भांडणं मी 'त्यांच्या पश्चात' या दोन शब्दांच्या पुढे पाहिली. कोणाचं नाव आधी, जावयाचं घ्यायचं की नाही, बोलणं बंद असलेल्या मुलाचं काय. बऱ्याचदा मुळाशी भीती असते ती मालमत्तेची: नाव छापलं तर हक्क सांगायला येईल. मालमत्तेचा हक्क नातं, कायदा आणि मृत्युपत्र यावरून ठरतो, वर्तमानपत्रातल्या ओळीवरून नाही. नाव छापल्याने तो तयार होत नाही आणि गाळल्याने संपत नाही. माझं मत विचाराल तर तिचं नाव घाला, पण आधी तिला विचारा. तिलाच नको असेल, हेही शक्य आहे. आणि घरात एकमत झालंच नाही तर नावंही देऊ नका आणि आकडाही देऊ नका. 'त्यांच्या पश्चात पत्नी, मुले, नातवंडे असा परिवार आहे' या वाक्यात ती आपोआप येते. 'दोन मुलगे, एक मुलगी' असं लिहिलंत की ती गेली, आणि हे कात्रण लोक वर्षानुवर्षं जपून ठेवतात.

आजाराचं नाव देणं बंधनकारक नाही. 'अल्पशा आजाराने', 'प्रदीर्घ आजाराने' एवढं पुरतं. स्वतः वडील त्या आजाराबद्दल मोकळेपणाने बोलत असतील तर जरूर लिहा. एखाद्या घरात मृत्यू आत्महत्येने झाला असेल तर पद्धत, जागा, चिठ्ठीतला मजकूर यातलं काहीही लिहू नये आणि एकच एक कारणही चिकटवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या माध्यमांसाठीच्या सूचनाही हेच सांगतात, कारण अशा तपशिलांनी त्याच मनःस्थितीतल्या दुसऱ्या माणसाला धोका वाढतो.

काय लिहू नये यात आणखी भर. पूर्ण जन्मतारीख नको, वय किंवा साल पुरे. घरचा पत्ता नको, कारण अंत्यविधीच्या वेळी घर रिकामं असणार हे तुम्हीच जाहीर करताय. लहान नातवंडांची नावं नकोत. आईचं माहेरचं नाव हा जरा अवघड प्रश्न आहे: बँका ओळख पटवायला तेच विचारतात, पण एखादी बाई गेली तर तिच्या शाळेतल्या मैत्रिणींना ती त्याच नावाने आठवते. मी ते नाव छापायच्या बाजूचा आहे, फक्त मुलांनी आपापल्या खात्यांवरचा तो सुरक्षाप्रश्न आधी बदलून घ्यावा.

बायकांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. 'अमुक यांच्या मातोश्री, तमुक यांच्या पत्नी' एवढ्यात बाई संपते आणि तिने स्वतः काय केलं ते कुठेच येत नाही. हे घरगुती जाहिरातींपुरतंही नाही. न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ च्या मार्चमध्ये 'ओव्हरलुक्ड' नावाची मालिका सुरू केली, १८५१ पासून ज्यांचे मृत्युलेख त्यांनी लिहायला हवे होते पण लिहिले नाहीत, अशा लोकांसाठी. पहिल्या यादीत आपली मधुबालाही होती, जाऊन ४९ वर्षं झालेली. मृत्युलेखाला उशीर चालतो म्हणालो, त्याला यापेक्षा चांगला दाखला नाही.

मृत्युलेख लिहायला बसाल तेव्हा स्वतःच्या डोक्यातून सुरुवात करू नका, फोनपासून करा. त्यांचा शाळेतला मित्र, कामावरचा सहकारी, शेजारी, धाकटं भावंड. 'ते कसे होते?' असं विचारलंत तर 'फार चांगले होते' हेच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा: ते कशावरून चिडायचे? पगार झाला की पहिलं काय घ्यायचे? शेवटचा फोन कशासाठी केला होता? मग विशेषणं आपोआप गळतात. 'मदतीला तत्पर' असं लिहिण्यापेक्षा 'इमारतीतल्या पोरांच्या सायकलींचं पंक्चर तेच काढून द्यायचे आणि काढताना प्रत्येकाला हवा कमी भरल्याबद्दल बोलायचे' असं लिहिलं की माणूस समोर येतो, रागासकट. थोडा राग, थोडा हट्ट राहू द्या. ज्यांनी त्यांना पाहिलंय त्यांना सगळं गोड असलेला लेख दुसऱ्याच कोणाचा वाटतो. पण हिशेब चुकते करायची जागा ही नाही. कोणाची फसवणूक, कोणाचं व्यसन, जुनी कोर्टकचेरी लिहायची असेल तर ते वेगळं लिखाण आहे. वर्षं आणि पदं कागदपत्रांवरून तपासा, आठवणीवर जाऊ नका. सहाशे-सातशे शब्द भरपूर झाले.

एक आडवळण. मोठी वर्तमानपत्रं नामवंतांचे मृत्युलेख आधीच लिहून ठेवतात. एलिझाबेथ टेलर २०११ मध्ये गेल्या तेव्हा न्यूयॉर्क टाइम्समध्ये आलेल्या त्यांच्या मृत्युलेखावर मेल गुसो यांचं नाव होतं, आणि गुसो स्वतः २००५ मध्येच वारले होते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी असं आधी बोलून ठेवण्यात अभद्र काही नाही. त्यांना आपल्याबद्दल काय लिहिलं जावं याची मतं असतात, आणि बरीचशी आपल्याला अनपेक्षित असतात.

ऑनलाइनचं वेगळं. मृत्यूची बातमी दिसली की जाहिरातींच्या पैशांसाठी खोट्या श्रद्धांजलीची पानं आणि व्हिडिओ बनवणारे आहेत. हल्ली ते कृत्रिम बुद्धिमत्तेने मजकूर तयार करतात, त्यात चुकीचं वय असतं, कधी मृत्यूचं कारणही मनानेच घातलेलं असतं. पूर्ण थांबवता येत नाही. तुमची खरी निधनवार्ता लवकर एका ठिकाणी टाका, सगळ्यांना तोच दुवा पाठवा आणि कुटुंबाच्या नावाने कोणी पैसे गोळा करत नाही हे त्यातच लिहा, तेवढं करता येतं. वडिलांचं फेसबुक खातं असेल तर मृत्यूचा पुरावा देऊन ते स्मृती-खातं करून घेता येतं. त्यांनी जिवंतपणी 'वारस संपर्क' (लेगसी कॉन्टॅक्ट, म्हणजे आपल्यामागे खातं सांभाळणारी व्यक्ती) नेमला असेल तर त्या व्यक्तीला तिथे वर दिसणारी नोंद लिहिता येते. नेमला नसेल तर जवळच्या नातेवाइकांना खातं कायमचं बंद करण्याची विनंती करता येते, पण ती करण्याआधी त्यातले फोटो उतरवून घ्या. मृत्युलेखासाठी तेच लागणार आहेत.