महाडचा सत्याग्रह शिकवताना १९२७ पासून सुरुवात करू नका

आठवीच्या 'समतेचा लढा' या पाठात महाडच्या वाट्याला मोजक्या ओळी येतात, मुलं 'चवदार तळे, १९२७' एवढं घोकून मोकळी होतात, आणि जरा खोलात जावं तर मुख्याध्यापक म्हणतात, 'वर्गात सगळ्या जातींची मुलं आहेत, जपून.' मग हे शिकवायचं कसं, असा तुमचा प्रश्न आहे. हा पाठ मी बरीच वर्षं शिकवते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले, ओंजळीनं पाणी प्यायले, झाला सत्याग्रह, अशी गोष्ट सांगितली की मुलांच्या डोक्यात एक चित्र तेवढं राहतं. तुम्ही चार वर्षं मागून या. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला: सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कोर्टकचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले. फळ्यावर एवढंच लिहा. खाली दुसरी ओळ: जानेवारी १९२४, महाड नगरपालिका, चवदार तळं सर्वांना खुलं. आणि विचारा, 'आता उद्यापासून तळ्यावर कोण जाऊ शकतं?' सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, 'सगळे!'

मग सांगा की पुढची तीन वर्षं उलटून गेली तरी परिस्थिती होती तशीच राहिली. मुसलमानांना तिथं पाणी भरायला मनाई नव्हती. अस्पृश्यांना होती. का, हे मुलांनाच शोधू द्या. 'मार पडेल' हे उत्तर लगेच येतं. जरा थांबलात की पुढची येतात: तळ्याच्या भोवती घरं कुणाची होती, रोजची मजुरी कुणाच्या शेतावर, दुकानदारानं उधारी बंद केली तर खायचं काय. ठराव कागदावर होता आणि त्याचा वापर करणाऱ्याचं पोट ज्यांच्या हातात होतं त्यांना तो नको होता. एवढं मुलांच्या तोंडून निघालं की तुमचं निम्मं काम झालं. म्हणून ही तासिका घाईनं उरकू नका.

त्यानंतर परिषद. कुलाबा (आजचा रायगड) जिल्हा बहिष्कृत परिषद, १९ आणि २० मार्च. इथं मी नेहमी एक तपशील सांगते: परिषदेला आलेल्या हजारो लोकांना प्यायला पाणी मिळावं म्हणून ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. १९२७ चे ४० रुपये. पालिकेनं खुलं केलेलं तळं त्याच गावात आणि पाहुण्यांना पाणी विकतचं! यावर भाष्य करू नका, वर्गाला दोन मिनिटं गप्प बसू द्या.

दुसऱ्या दिवशी सगळे रांगेनं तळ्यावर गेले, पाणी प्यायले, परतले. मग 'आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार' अशी आवई उठली आणि परतणाऱ्या, जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या चालल्या. पुढे शेणगोमूत्र, दूध, दही भरलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून 'शुद्धीकरण' झालं. मुलं इथं हसतात. हसू द्या, पण लगेच पुढचं सांगा, कारण ते हसण्यासारखं नाही: ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेनं आपला १९२४ चा ठराव रद्द केला. मिळालेला हक्क काढूनही घेता येतो, हे पुस्तकातल्या दोन ओळींत कधीच येत नाही.

डिसेंबरचा भाग मात्र वादासाठी ठेवा. पुन्हा सत्याग्रह ठरला, हजारो लोक जमले. त्याआधीच काही सवर्णांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. मंडपाला जागा कुणी देईना, ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं, पण तळ्यावर जाणं कोर्टाच्या निकालापर्यंत पुढे ढकललं. जायला हवं होतं की थांबायला? वर्गाचे दोन गट करा आणि भांडू द्या. माझ्या वर्गात 'जायलाच हवं होतं' म्हणणारे नेहमी जास्त असतात. मग कुणीतरी शांत मुलगी उठते आणि म्हणते, 'पण बाई, मग सरकार पण त्यांच्या बाजूनं गेलं असतं ना?' बाबासाहेबांपुढचा पेच जवळपास हाच होता.

निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडलं. 'अनादि काळापासूनची रूढी' सवर्ण वादींना सिद्ध करता आली नाही, असं उच्च न्यायालयानं म्हटलं. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड हेच १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश. असहकाराचा पाठ आधीच झालेला असतो, त्यामुळे मुलांना हा धागा फार आवडतो. सातवीत मूलभूत हक्कही होऊन गेलेले असतात. संविधानाचं कलम १५ काढून मोठ्यानं वाचून घ्या: सरकारी पैशातून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. बोले ठरावाशेजारी ते ठेवलं की बाकी काही बोलावं लागत नाही.

नावांबद्दल एक. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, बापूसाहेब सहस्रबुद्धे ही सवर्ण मंडळी बाबासाहेबांच्या सोबत होती, हे जरूर सांगा. पण 'सगळं सवर्णांच्या पाठिंब्यामुळे झालं' असा सूर लागू देऊ नका. काही सहकाऱ्यांना तो सूर फार प्रिय असतो. परिषदेमागची खटपट रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तिथल्याच तरुणांची होती. त्याही आधी, १८८८ मध्ये, महाडजवळच्या रावढळच्या गोपाळबाबा वलंगकरांनी अस्पृश्यतेविरुद्ध 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक लिहिलं होतं. जमीन कसलेली होती.

आता मुख्याध्यापकांची काळजी. ती अगदीच खोटी नाही. नाट्यीकरण करू नका: 'तू अस्पृश्य हो, तू सवर्ण हो' यातून मधल्या सुट्टीत काय होतं ते मी पाहिलं आहे. शिकवताना एका विशिष्ट बाकाकडे बघून बोलू नका. 'तुमच्या समाजाचे बाबासाहेब' हा शब्दप्रयोग तर चुकूनही नको. घरचे अनुभव विचारायचेच असतील तर लेखी, नाव न घालता, आणि लिहिणं ऐच्छिक. मला यापेक्षा बरा उपक्रम वाटतो तो गावच्या पाणवठ्यांचा: विहीर, टाकी, नळयोजना कुणाच्या पैशातून झाली हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारून या. बोले ठराव त्याच मुद्द्यावर उभा आहे. त्यातून एखाद्या मुलानं स्वतःहून काही सांगितलंच तर ऐकून घ्या. पालक तक्रार घेऊन आलेच तर ठराव, मनाई हुकूम, निकाल, सगळ्याच्या तारखा तुमच्याकडे आहेत. मत सांगितलं म्हणून भांडता येतं, तारखेशी भांडणं अवघड जातं.

नाशिकचा काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह (१९३०) वेळ उरला तरच घ्या. इंग्रजी वाचणारी मुलं हमखास रोझा पार्क्सबद्दल, म्हणजे बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला नकार देणाऱ्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बाईंबद्दल, विचारतात; त्यांना एवढंच सांगा की माँटगोमेरीचा बस बहिष्कार ३८१ दिवस चालला आणि तिथंही शेवट कोर्टाच्या निकालानंतरच झाला.

आणि घटक चाचणीत 'टीप लिहा: महाड सत्याग्रह' देऊ नका, गाइडमधलं जसंच्या तसं उतरून येतं. 'तळं १९२४ मध्ये खुलं झालं, तरी १९२७ पर्यंत अस्पृश्यांना पाणी का घेता आलं नाही? तीन कारणं लिहा' असं विचारा. उत्तरं तपासायला वेळ जास्त लागतो, पण वर्गात काय पोचलं ते त्यातच कळतं.