ट्रेनी म्हणून लागलायस? सरांकडून शिकायचं ते असं

अभिनंदन! चाकणला मशीन शॉपमध्ये लागलास आणि सीनियर स्वतःहून शिकवायला तयार आहेत, हे फार चांगलं झालं. सुरुवातीला एवढंच सांभाळ.

१. 'सर, माझं प्रमोशन कधी होईल?' असं विचारू नकोस. नेमकं विचार: 'कालचा लॉट रिजेक्ट करायचं तुम्ही कशावरून ठरवलंत?' मी पहिल्या वर्षी हे विचारलं, तेव्हा माझ्या सरांनी ०.०२ मिमीपर्यंत माप दाखवणारा व्हर्नियर हातात देऊन एकच बोअर (जॉबमधलं गोल भोक) तीन दिशांनी मोजायला लावला. तिन्ही मापं वेगळी. बोअर ओव्हल झाला होता आणि मी एकदाच मोजून 'ओके' लिहिलं होतं.

२. खिशात छोटी वही ठेव. काय बिघडलं, तू काय केलंस, तारखेसकट. अप्रेझलचा फॉर्म भरताना हीच कामी येते.

नवी मुलं हमखास चुकतात ती इथे: सांगितलेलं करून न बघताच पुढचा प्रश्न घेऊन येतात, नाहीतर झालेली चूक झाकतात. चूक त्याच शिफ्टमध्ये स्वतः जाऊन सांग.

एमबीए करू का, कंपनी बदलू का, हे सहा महिने बाजूला ठेव. उद्या चहाच्या सुट्टीत सरांकडे दहा मिनिटं माग, आणि एकच प्रश्न घेऊन जा.