दहावीतल्या पुतणीला थीम पार्कच्या सहलीसाठी पैसे साठवायला कशी मदत करावी?

आपली पुतणी दहावीची परीक्षा झाल्यावर खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाऊ इच्छिते. तिने खर्चाचा काही भाग स्वतः साठवावा असे आपल्याला वाटते, पण काका म्हणून आपण किती आणि कशी मदत करावी हे ठरत नाही. आपल्यासारखा मीही बडोद्याचाच असून माझ्या भाचीच्या बाबतीत हाच प्रश्न आमच्या घरी आला होता. मदत अवश्य करावी, पण ती पहिल्या महिन्यापासून तिच्या बचतीच्या बरोबरीने करावी, असे माझे ठाम मत आहे. ती जेवढे साठवील तेवढीच भर आपण त्याच महिन्यात घालावी. शेवटी जे कमी पडेल ते काका देतील हे एकदा मुलांना कळले की बचतीचा निश्चय नवरात्रापर्यंतही टिकत नाही, कारण आपल्या गावात गरब्याचे पास, नवी चनियाचोळी आणि रात्रीचे खाणे यांत नऊ दिवसांत किती पैसे जातात, हे आपल्याला ठाऊकच आहे.

आधी खर्चाचा अंदाज तिच्याच हातून वहीत लिहवून घ्यावा. मुलांना फक्त प्रवेशाचे तिकीट दिसते. प्रत्यक्षात थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क यांची तिकिटे वेगवेगळी असतात, शनिवार-रविवारचे दर सहसा चढे असतात, आणि शिवाय रेल्वेचे भाडे, लोणावळा किंवा खोपोलीहून पार्कपर्यंतची टॅक्सी, मुक्काम, आतले जेवण आणि लॉकर हे सगळे धरावे लागते. माझ्या भाचीने पानाच्या एका बाजूला ‘हवेच’ आणि दुसऱ्या बाजूला ‘जमले तर’ असे दोन रकाने आखले आणि स्नो पार्क तिने आपणहून दुसऱ्या रकान्यात टाकला. कोणी सांगितले असते तर ती नक्कीच रुसली असती.

यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते, म्हणून सहल एप्रिलअखेरीस असेल तर भाड्याचे पैसे फेब्रुवारीतच हाताशी असायला हवेत. तिची पहिली मुदत तीच समजावी. समजा, तिच्या वाट्याचा खर्च ६,००० रुपये आला आणि हातात दहा महिने असले, तर महिन्याला ३०० तिचे आणि ३०० आपले, असा हिशेब बसतो. दिवाळीतल्या ओवाळणीचे पैसेही तिच्याच बाजूला धरावेत. दिवाळीपूर्वी आपल्याकडे फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या काकू-मावश्यांना चिवडा आणि चकल्या तोलून पिशव्यांत भरायला हात हवे असतात. अभ्यास सांभाळून चार संध्याकाळी तिने ते काम केले तर त्या कमाईवरही बरोबरीचा नियम लागू करावा.

पैसे गल्ल्यात न ठेवता तिच्या नावाच्या खात्यात ठेवावेत. दहा वर्षांवरील मुलांना स्वतंत्रपणे बचत खाते उघडून चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली आहे. व्यवहारांची मर्यादा मात्र प्रत्येक बँक आपली आपण ठरवते, ती शाखेत विचारून घ्यावी. टपाल खात्याची आवर्ती ठेव, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव, पाच वर्षांची असल्याने या कामाला उपयोगाची नाही. बँकेत कमी मुदतीची आवर्ती ठेव मिळते, पण तिची मुदत आरक्षणाच्या तारखेआधी संपते आहे ना, हे पाहून घ्यावे. एवढ्या काळात व्याज किरकोळच मिळेल. पासबुकात दर महिन्याला तिची आणि आपली रक्कम एकाखाली एक दिसते, याचे मोल मला अधिक वाटते.

आरक्षण आणि पार्कचे तिकीट आपण शेजारी बसून तिच्याकडूनच काढून घ्यावे आणि पैसे तिच्या खात्यातून जाऊ द्यावेत. रक्कम तरीही अपुरी पडली तर ‘जमले तर’ हा रकाना आधी खोडावा, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर सहल दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पुढे ढकलून तिची बचत आणि आपली भर पूर्वीच्याच नियमाने चालू ठेवावी.