गोव्याची टूर, दहा हजारांची मर्यादा आणि वरचे एक लाख तीस हजार

"मॅडम, जाताना पक्कं ठरवतो की इतकेच खेळायचे. तिथे गेल्यावर काय होतं तेच कळत नाही." थंडीचे दिवस सुरू झाले की असं सांगणारं कोणीतरी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतंच. बियाणं-खतं, सिमेंट, पाइप, मोबाइल, धंदा कुठलाही असो, टार्गेट पूर्ण झालं की कंपनी डीलर लोकांना गोव्याला नेते. जळगावहून गोव्याचं विमान २०२४ मध्ये सुरू झालं, पण त्याआधीही भुसावळहून गोवा एक्स्प्रेस होतीच. टूरमधली एक रात्र मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटीवर जाते. परत आल्यावर कोणी गप्प असतो, कोणी चिडचिडा. प्रश्न मात्र सगळ्यांचा सारखाच: हरलेल्या पैशांचं काय करायचं, आणि पुढच्या वेळी ठरवलेल्या आकड्यावर थांबायचं कसं?

अशाच एका गृहस्थांची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. आपण त्यांना आप्पा म्हणू. अमळनेरकडच्या एका गावात त्यांचं कृषी सेवा केंद्र, वय पंचेचाळीसच्या आसपास, गावात पत चांगली. खिशात दहा हजार घेऊन बोटीवर गेले. ते तासाभरात गेले. मग सोबतच्या डीलरकडून पन्नास हजार हातउसने घेतले. तेही गेल्यावर दुकानाच्या खात्यातून ऐंशी हजार काढले, जे मार्चअखेर कंपनीला भरायचे होते. एकूण एक लाख चाळीस हजार. घरी सांगितलं, "कंपनीचं पेमेंट केलं."

माझ्याकडे आले ते पैसे गेले म्हणून नव्हे, तर कंपनीची दुसरी टूर लागली म्हणून. त्यांना माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती: टेबलावर डोकं थंड ठेवायची युक्ती.

बोलता बोलता त्यांनी दुकानाची उधारीची वही काढली. कापूस विकला गेला की कोणाकडून किती येणं आहे याची शेतकऱ्यांची नावं, पुढे रकमा. त्यातल्या एका पानावर खाली पेन्सिलीने लिहिलं होतं: गोवा, १,४०,०००.

मी विचारलं, "हे कोणाकडून येणं आहे?"

त्यांनी वहीकडे पाहिलं, हसले, आणि वही मिटली.

माझ्या मते खरी गडबड त्या पेन्सिलीच्या ओळीत होती. मर्यादा मोडते टेबलावर, हे खरं. पण दुसऱ्यांदा मोडायची तयारी घरीच होते, गेलेला पैसा 'येणं' म्हणून मनात जपून ठेवला की. येणं असलेल्या पैशासाठी माणूस तगादा लावायला जाणारच. आणि हे येणं बायकोपासून लपवलेलं असेल तर घाई आणखी वाढते, कारण तिला कळायच्या आत ते भरून काढायचं असतं.

म्हणून युक्ती सांगायच्या आधी मी दोन गोष्टी मागितल्या: ती ओळ उधारीतून काढून खर्चात, शाईने लिहायची, आणि वहिनींना सांगायचं. पहिलीला त्यांनी मान हलवली. दुसरीला म्हणाले, "त्यापेक्षा मी जातच नाही टूरला." मी म्हटलं, तेही चालेल, पण सांगायचं तरी राहतंच. यावर आमच्या बऱ्याच भेटी गेल्या. मध्येच एकदा त्यांनी माझ्यावर बाजू उलटवली: "आखाजीले ते आखं गाव खेयस, म्याडम. तवय कोनी समुपदेशन करत नही."

मुद्दा बिनतोड नसला तरी टाळण्यासारखा नव्हता. आपल्याकडे खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्त्यांचा डाव मांडणं ही जुनी रीत. बायका झोक्यावर गाणी म्हणतात, पुरुष झाडाखाली नाहीतर ओट्यावर बसतात. तिथेही संसार बुडालेले आहेत, उगाच गोडवे गाऊ नयेत. पण तिथे समोरचा ओळखीचा असतो, सण संपतो, घरून पोरगं बोलवायला येतं. बोटीवर पोरगं येत नाही. खिडकी नाही, घड्याळ दिसत नाही, जेवण आणि दारू पॅकेजमध्येच. उठायचं म्हटलं तरी धक्क्यावर नेणाऱ्या छोट्या बोटीची वाट पाहावी लागते, आणि ती येईपर्यंत 'अजून एक' होतोच. पॅकेजसोबत मिळणाऱ्या काही चिप्स फक्त खेळता येतात, त्यांचे रोख पैसे मिळत नाहीत. म्हणजे नुसतं बघायला आलेलाही टेबलाशी जाऊन बसतो. आणि या बोटी ज्या गोव्यात उभ्या आहेत, त्या गोव्याने २०२० मध्ये स्वतःच्या रहिवाशांनाच कॅसिनोत जुगाराला बंदी घातली.

दुसरा फरक हिशोबाचा. गावच्या अड्ड्यावर अड्डेवाला डावामागे नाल, म्हणजे स्वतःचा हिस्सा, काढतो, ती सगळ्यांना दिसते. रुलेटची, म्हणजे कॅसिनोतल्या आकड्यांच्या फिरत्या चाकाच्या खेळाची, नाल चाकातच बसवलेली असते. एका शून्याच्या चाकावर ३७ खाने: १८ लाल, १८ काळे, एक हिरवं शून्य. एका आकड्यावर लावून लागला तर लावलेले पैसे परत आणि वर ३५ पट मिळतात. ३६ पट मिळाले असते तर हिशोब बरोबरीत सुटला असता. हा जो फरक आहे, त्यामुळे लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोकडे राहतात. दोन शून्यांच्या चाकावर सव्वापाचच्या वर.

आप्पा म्हणाले, २ रुपये ७० पैशांनी एक लाख चाळीस हजार कसे जातील? प्रश्न बरोबर होता. ते गेले दुप्पट करण्यात. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की लाल-काळ्यावर हरलात की पुढचा डाव दुप्पट लावायचा, एकदा जिंकलं की सगळं निघतं. मी कॅल्क्युलेटर त्यांच्या हातात दिला. पाचशे, हजार, दोन हजार, चार, आठ, सोळा. सहा डाव सलग गेले की ३१,५०० गेले, आणि सातवा ३२,००० चा. तोही गेला तर ६३,५००. आणि हे सगळं कशासाठी? जिंकले असते तर नफा पहिल्या पाचशेचा. सहा डाव सलग हरण्याची शक्यता साधारण पंचावन्नात एक. रात्रभर बसणाऱ्याला ही वेळ कधी ना कधी गाठतेच. "इतक्यांदा काळा आला, आता लालच," असं आप्पांना तेव्हा वाटलं होतं. १९१३ मध्ये माँटे कार्लोला काळा सलग २६ वेळा आला आणि लालवर लावत राहिलेले लोक धुपले. चाकाला मागचं काही आठवत नसतं.

व्यापारी माणसाला पटलेली आणखी एक गोष्ट: जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर लागतो आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. ऐकून म्हणाले, "म्हणजे तोटा आपला, नफ्यात सरकार भागीदार." त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी ती ओळ खर्चात घातली.

वहिनींना माझ्यासमोरच सांगितलं. त्या ओरडतील असं आप्पांना वाटत होतं. त्यांनी एकच विचारलं, "माझ्या पोतला हात लावला का?" लावला नव्हता. मग त्या रडल्या, आणि नंतर सरळ हिशोबाला बसल्या: मित्राचे पन्नास हजार आधी द्यायचे, नवीन मोटारसायकल यंदा नाही, दुकानाच्या खात्यावर जोडीला त्यांची सही. पैसे भरून काढायचे ते दुकानातून आणि घरखर्चातून, टेबलावरून नाही. हरलेल्या पैशाचं दुःख अशा कोरड्या हिशोबाने हलकं होतं, हे मी अनेक घरांत पाहिलंय. नुसत्या "झालं ते विसरा"ने होत नाही.

त्यानंतर टूरची तयारी. माझं मत असं की टेबलावर काही ठरवायची वेळच येऊ देऊ नये. तिथे पोचेपर्यंत सगळं ठरलेलं हवं. रक्कम अशी की ती गेली म्हणून घरात कोणाला विचारावं लागू नये, आणि ती पाकिटात रोख. कार्ड घरी. बँकेच्या अॅपमधून यूपीआयची रोजची मर्यादा आदल्या दिवशीच खाली आणायची, म्हणजे रात्री दोन वाजता हात शिवशिवला तरी अडथळा असेल. जिंकलेली चिप दुसऱ्या खिशात, ती पुन्हा टेबलावर नाही. दारू असेल तर खेळ संपल्यावर. परत यायची बोट सोबत्याशी आधीच ठरवलेली. हातउसने मागायचे नाहीत, द्यायचेही नाहीत. आणि "शेठ, एवढ्यावर उठता?" याला उत्तर तयार: "माझा कोटा संपला, मी जेवायला जातो." हे उत्तर आम्ही मोठ्याने म्हणून पाहिलं. हसू आलं, पण म्हटलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. हे सगळं आप्पांसारख्यांसाठी आहे, सगळ्यांसाठी नाही. जो आठवडाभर त्याच विचारात असतो, खेळलं नाही तर बेचैन होतो, तीच मजा यायला रक्कम वाढवत जातो, थांबायचा प्रयत्न करून पुन्हा पुन्हा फसलाय, खोटं बोलतो, कर्ज काढतो, त्याला मर्यादा शिकवणं म्हणजे दारूच्या व्यसनी माणसाला दोनच पेग घे म्हणणं. त्याने बोटीवर जाऊच नये आणि मानसोपचार तज्ज्ञांना भेटावं. जुगाराचा आजार २०१३ पासून मानसोपचाराच्या अमेरिकी नियमावलीत व्यसनांच्याच गटात धरला जातो. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली, तरी फोनवर लिंका येत राहतात, तेव्हा घरच्यांनी बोटीएवढंच फोनकडेही लक्ष द्यावं. आणि नुकसानीपायी जीव नकोसा वाटत असेल तर टेली मानस, १४४१६, हा सरकारी नंबर मोफत आहे आणि रात्रीही उचलला जातो. आप्पांची लक्षणं मी आधी तपासली होती. हरलेलं परत मिळवायची ओढ, लपवाछपवी आणि त्या एका रात्रीचे हातउसने होते, बाकीचं नव्हतं. असतं तर टूर रद्द, यावर मी अडून बसले असते.

ते गेले. पाच हजार ठरले होते. पाच हजार गेले, आणि मग एका सोबत्याने न मागता दोन हजारांच्या चिप्स पुढे सरकवल्या, त्याही गेल्या. पण त्याच रात्री धक्क्यावर उतरल्यावर त्यांनी वहिनींना फोन केला आणि सात हजार सांगितले. वहिनींनी सकाळी दोन हजार सोबत्याच्या नावावर पाठवून दिले. पुढच्या भेटीत आम्ही त्या दोन हजारांवरच बोललो: चिप्स पुढे आल्या तेव्हा कोटा संपल्याचं वाक्य तोंडातून का निघालं नाही. आप्पा म्हणाले, तो कंपनीचा सगळ्यात मोठा डीलर, त्याला नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. आता आम्ही तेवढ्याचाच सराव करतोय.