मावशींचा पगार: रोख की पे-स्टबवर?

प्रश्न: नमस्कार, आम्ही एडिसनला राहतो, दोघंही नोकरीला. दीड वर्षाच्या मुलीला सांभाळायला जानेवारीपासून एक मावशी येतात, सोमवार ते शुक्रवार आठ ते पाच. आठवड्याचे ८०० डॉलर रोख देतो. मावशींचं वय ५६, ग्रीन कार्ड आहे, मुलाकडे राहतात. नवऱ्याचा मित्र म्हणाला की यावर टॅक्स भरावा लागतो. मावशींना विचारलं तर त्या म्हणतात कॅशच द्या, कागदाची भानगड नको. मग त्यांना वर्षाच्या शेवटी १०९९ (कंत्राटावर काम करणाऱ्याला द्यायचा टॅक्स फॉर्म) देऊन मोकळं व्हावं का? बाकी सगळे रोखच देतात, कोण बघतंय? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: ताई, मित्र बरोबर बोलला. १०९९ चालणार नाही. किती वाजता यायचं, मुलीला कधी जेवू घालायचं, कधी झोपवायचं हे सगळं तुम्ही ठरवता, म्हणजे त्या तुमच्या नोकरीत आहेत आणि तुम्ही त्यांचे एम्प्लॉयर, मग तुम्ही दोघांनी आपसात काहीही ठरवलेलं असो. वर्षाला एका ठरावीक रकमेवर पगार गेला की सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा सरकारी आरोग्य विमा) टॅक्स लागू होतो, २०२५ साठी ती रक्कम २,८०० डॉलर आहे आणि २०२६ साठी ३,०००. तुमची तर महिन्याभरातच ओलांडली गेली.

हिशोब असा. सोशल सिक्युरिटी ६.२ टक्के आणि मेडिकेअर १.४५ टक्के, मिळून ७.६५ टक्के मावशींच्या पगारातून कापायचे आणि तेवढेच तुम्ही खिशातून घालायचे. ८०० वर ते प्रत्येकी ६१.२० डॉलर होतात. शिवाय फेडरल बेकारी विम्याचा टॅक्स पहिल्या ७,००० डॉलरवर, राज्याचा टॅक्स वेळेत भरला असेल तर तो साधारण ४२ डॉलरवर येतो. न्यू जर्सीचा बेकारी, डिसॅबिलिटी आणि फॅमिली लीव्ह विमा वेगळा. इन्कम टॅक्स कापणं मात्र सक्तीचं नाही, मावशींनी डब्ल्यू-४ (पगारातून टॅक्स किती कापायचा ते सांगणारा फॉर्म) भरून दिला आणि तुम्ही हो म्हणालात तरच, पण न कापल्यास एप्रिलमध्ये त्यांना एकदम भरावा लागेल हे आधीच सांगून ठेवा.

आता मावशींचं ते 'कॅशच द्या' म्हणणं. मला सगळ्यात जास्त याच्यावर बोलायचंय, कारण त्यांना वाटतंय त्यांचे आठवड्याचे साठ डॉलर वाचतायत आणि खरं तर यात सगळ्यात जास्त नुकसान त्यांचंच होतंय. स्वतःच्या कामावर सोशल सिक्युरिटीचं पेन्शन मिळायला ४० क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात, म्हणजे निदान दहा वर्षं. मावशी ५६ च्या आहेत, आज सुरू केलं तर ६६-६७ ला त्यांचं स्वतःचं पेन्शन सुरू होऊ शकतं आणि मेडिकेअरचा हॉस्पिटलचा भाग प्रीमियम न भरता मिळतो, नाहीतर तोच विकत घ्यायला महिन्याला ५०० डॉलरच्या वर जातात. दोन-तीन वर्षं रोखीत गेली तर ती क्रेडिट मागाहून आपोआप येत नाहीत. या वयात परक्या देशात मुलाच्या घरी राहणाऱ्या बाईला स्वतःच्या नावावर येणारा पैसा काय असतो हे वेगळं सांगायला नको. त्यांना बसवून हे मराठीत नीट समजावून सांगा, मुलालाही बोलवा. मेडिकेड (कमी उत्पन्न असणाऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) जाण्याची भीती असेल तर तेही विचारून घ्या, पण उत्पन्न लपवून ते टिकवणं त्यांच्याच अंगाशी येईल. आणि हातात येणारी रक्कम कमी होणं त्यांना जड जात असेल तर त्यांचे ७.६५ टक्के तुम्ही स्वतः भरू शकता, कायद्यात तशी सोय आहे.

ओव्हरटाइमकडे मात्र तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. नऊ तास गुणिले पाच म्हणजे ४५ तास. ४० च्या वरच्या पाच तासांना दीडपट दर द्यावा लागतो. तासाला २० धरलेत तर ८०० अधिक १५० म्हणजे ९५० होतात. ८०० मध्येच सगळं बसवायचं म्हटलं तर तासाचा दर १६.८४ च्या आसपास येतो, तो किमान वेतनाच्या वर असला तरी कामाला ठेवताना काय बोलणं झालं होतं ते प्रामाणिकपणे आठवा, आणि वीस म्हणाला असाल तर मागचा फरक देऊन टाका. न्यू जर्सीत १ जुलै २०२४ पासून घरकाम करणाऱ्यांच्या हक्कांचा वेगळा कायदा लागू आहे, तेव्हा दर, वेळ, सुट्ट्या सगळं लेखी करा.

घाबरू नका, उशीर झालेला नाही. फेडरल टॅक्स वर्षातून एकदा तुमच्याच १०४० (वार्षिक टॅक्स रिटर्न) सोबत शेड्यूल एच (घरकामाच्या नोकरांच्या टॅक्सचा फॉर्म) जोडून भरायचा असतो. आत्ता आयआरएसच्या (फेडरल टॅक्स खात्याच्या) साइटवरून ईआयएन (एम्प्लॉयरचा ओळख क्रमांक) काढा, फुकट मिळतो, त्याच्या जागी तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर वापरू नका. आय-९ (कामाची परवानगी तपासल्याचा फॉर्म) कामाला लागल्यापासून तीन कामाच्या दिवसांत पूर्ण करायचा असतो, तो तुमचा राहिलाय, आजच्या तारखेने भरा, मागची तारीख टाकू नका. राज्यात नोंदणी करा, घरच्या विम्याच्या एजंटला वर्कर्स कॉम्पबद्दल (कामावर इजा झाल्यास लागणारा विमा) विचारा, आणि ३१ जानेवारीच्या आत मावशींच्या हातात डब्ल्यू-२ (वर्षभराचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा फॉर्म) द्या. आजवर जे कापलं नाहीत तो मावशींचा वाटाही आता तुम्हालाच भरावा लागेल. एप्रिलमध्ये एकदम बोजा नको असेल तर स्वतःच्या ऑफिसात डब्ल्यू-४ बदलून आपला टॅक्स थोडा जास्त कापायला सांगा. हे सगळं किचकट वाटलं तर पेरोल सर्व्हिस (पगार-टॅक्सचा हिशोब बघणारी कंपनी) लावा, पैसे जातात पण डोकं शांत राहतं.

कोण बघतंय विचारलंत. बहुतेक वेळा काम सुटल्यावर ती बाई बेकारी भत्त्याला अर्ज करते आणि तिथे एम्प्लॉयरचं नाव द्यावं लागतं, मग मागचा टॅक्स, व्याज, दंड सगळं येतं. १९९३ मध्ये क्लिंटनने अॅटर्नी जनरल म्हणून निवडलेल्या झोई बेअर्डला याच कारणाने माघार घ्यावी लागली होती, घरी ठेवलेल्या कागदपत्रं नसलेल्या जोडप्याचा सोशल सिक्युरिटी टॅक्स भरला नव्हता. त्यानंतर १९९४ ला कायदा बदलला, तोवर तिमाहीला ५० डॉलर दिले तरी टॅक्स लागायचा.

आणि पगार कागदावर आला की तुम्हालाही ऑफिसातून डिपेंडंट केअर एफएसए (मुलांच्या सांभाळासाठी पगारातून टॅक्सआधी पैसे बाजूला ठेवण्याची सोय) वापरता येतो, २०२५ पर्यंत ५,००० आणि २०२६ पासून ७,५०० डॉलर. रोखीत हे मिळत नाही, कारण रिटर्नमध्ये सांभाळणाऱ्याचा टॅक्स ओळख नंबर लिहावा लागतो.

प्रश्न: दर पंधरा दिवसांनी क्लीनिंगला बाई येतात, १२० डॉलर देतो. वर्षाचे ३,१२० होतात. त्यांचाही टॅक्स आम्हीच भरायचा का?

उत्तर: त्या स्वतःचा व्हॅक्यूम आणि सामान आणत असतील, सोबत त्यांची मदतनीस येत असेल, अजून पाच घरं करत असतील आणि काम कसं करायचं हे त्याच ठरवत असतील तर त्यांचा तो धंदा आहे, टॅक्स त्यांचा त्या भरतील. तुमच्याच झाडूने, तुम्ही सांगाल तसं करत असतील तर उत्तर बदलतं. नुसत्या रकमेवर जाऊ नका.

प्रश्न: माझी आई नातवाला सांभाळते, तिला महिन्याला काही रक्कम पगार म्हणून दिली तर?

उत्तर: ग्रीन कार्ड असेल तर देता येते, आणि स्वतःच्या आईला दिलेल्या पगारावर सहसा सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर लागत नाही. तुम्ही घटस्फोटित असाल, जोडीदार वारलेला असेल किंवा आजारपणामुळे मुलाकडे बघू शकत नसेल तर मात्र लागू शकतो, तेव्हा सीपीएला (टॅक्सचा हिशोब बघणाऱ्या अकाउंटंटला) विचारा. इन्कम टॅक्सच्या दृष्टीने ते आईचं उत्पन्नच आहे. आई व्हिजिटर व्हिसावर आली असेल तर पगार म्हणून एक डॉलरही देऊ नका, ते परवानगीशिवाय काम धरलं जाईल आणि पुढच्या व्हिसाला, ग्रीन कार्डला तिलाच त्रास होईल.