कॅनडाच्या आधी नोंदणीचं बोला

बार्शीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. त्यांचं कापडाचं छोटं दुकान आहे. मुलीने बारावीला बायोलॉजी घेतलं, नीट दोनदा दिली. दुसऱ्या खेपेला पात्र ठरली, पण सरकारी बीडीएसपर्यंत मार्क पोचले नाहीत. खासगी कॉलेजची फी झेपणार नाही म्हणून त्यांनी त्या वाटेची चौकशीच केली नाही. आता पुण्यातल्या एका एजंटने ‘बी.एस्सी. डेंटल हायजीन’ सुचवलं आहे: तीन वर्षं इथल्या एका खासगी विद्यापीठात, मग थेट कॅनडा आणि पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याची परवानगी. ते विचारतात, “बीडीएस नाही तर हे तरी करावं का?”

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं ‘हे तरी’ मला खटकलं, म्हणून आधी या कामाबद्दल लिहिते.

दोन वर्षांपूर्वी बहिणीकडे टोरांटोला गेले होते, तेव्हा तिच्याबरोबर दातांच्या दवाखान्यात बसले. पाऊण तास तिच्या तोंडात काम केलं ते हायजिनिस्टने, म्हणजे दात-हिरड्या तपासून साफ करण्याचं शिक्षण घेतलेल्या मुलीने. आधी मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट टोकाची बारीक सळई घेऊन तिने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडी आणि दातामधल्या फटीची खोली मोजली. “तीन, दोन, तीन... दोन, दोन, तीन...” ती बोलत होती आणि दुसरी मुलगी कॉम्प्युटरवर भरत होती. अठ्ठावीस दात म्हणजे १६८ आकडे! तीनपर्यंत ठीक. चार-पाच आलं की हिरडी दातापासून सुटायला लागली असं समजायचं. मागच्या एका दाढेला “पाच” म्हणताना तिचा हात थांबला, तिथून रक्त आलं होतं. मग खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू. लाळेच्या काही नळ्या तिथे उघडतात, म्हणून कीटण तिथे सिमेंटसारखं बसतं. ते तिने आधी मशीनने आणि नंतर हातातल्या वाकड्या हत्याराने काढलं. डेंटिस्ट आले ते शेवटी, पाच-सात मिनिटांसाठी.

सगळा हातांचा आणि चिकाटीचा खेळ आहे. दिवसाला सात-आठ अनोळखी तोंडं, मान वाकवून, हसतमुखाने. पाठ-मनगट धरण्याच्या तक्रारी या पेशात नेहमीच्या आहेत. ज्या मुलीला रांगोळीच्या ठिपक्यात तासभर रमता येतं आणि लोकांशी बोलायलाही आवडतं, तिच्यासाठी हे काम छान आहे. बीडीएस हुकलेल्यांना कोपऱ्यात बसवण्याची ही जागा नाही. हा पेशा उभा राहिला तोही मुद्दाम. अमेरिकेत ब्रिजपोर्टच्या डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना दात साफ करायला शिकवलं आणि १९१३ मध्ये पहिली शाळा काढली. तिथल्या बायका शाळाशाळांत जाऊन पोरांचे दात सांभाळू लागल्या. दात किडायच्या आधी पोचायचं, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या बायका आणि ‘दात साफ केले की हलतात’ म्हणणारे काका बघितले की वाटतं, अशा हजारो मुली इथे हव्यात. (काकांचे दात साफ केल्याने हलत नाहीत. हिरडी आणि हाड आधीच झिजलेलं असतं, कीटणाने ते झाकून धरलेलं असतं.)

हव्यात, पण नोकऱ्या आहेत का? आपल्याकडे फार थोड्या. कायद्याने हा पेशा १९४८ पासून आहे. त्या वर्षीच्या डेंटिस्ट्स ॲक्टने हायजिनिस्टची व्याख्या केली, त्यांची वेगळी नोंदवही आहे, दोन वर्षांचा डिप्लोमाही आहे. पण गल्लीतल्या दवाखान्यात दात साफ करून देतात ते डॉक्टर स्वतः, नाहीतर नुकती बीडीएस झालेली मुलगी. बीडीएस इतके बाहेर पडतात की हायजिनिस्टला वेगळा पगार देण्याची गरज बहुतेक डॉक्टरांना वाटत नाही. मोठी रुग्णालयं, दंत महाविद्यालयं, सैन्यदल, शहरातले काही मोठे दवाखाने, एवढ्यावर येऊन हे थांबतं.

पदवीचं म्हणाल तर दिल्लीच्या एम्समध्ये डेंटल हायजीनची बी.एस्सी. आहे. तिथली प्रवेश परीक्षा मुलीने जरूर द्यावी. एजंटने सांगितलेल्या विद्यापीठाची गोष्ट वेगळी. तिथे एकच प्रश्न विचारा, आणि उत्तर लेखी मागा: “या पदवीवर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेत हायजिनिस्ट म्हणून नोंदणी होते का?” ‘युजीसी मान्यता आहे’ हे या प्रश्नाचं उत्तर नव्हे. नोंदणी नसेल तर दुसऱ्याचे दात साफ करण्याचा व्यवसाय कायद्याने करता येत नाही. मग तीन वर्षांनी हातात राहतं ते रिसेप्शनचं काम.

आता कॅनडा. एजंट जो पगार दाखवतो तो खोटा नसतो. शेजारच्या अमेरिकेचंच बघा: तिथल्या श्रम खात्याच्या २०२३ च्या आकडेवारीत हायजिनिस्टचं वर्षाचं मध्यक वेतन ८७,५३० डॉलर आहे. पण तो पगार तिथलं लायसन्स असलेल्याचा आहे. अमेरिकेत सहसा तिथल्या मान्यताप्राप्त कॉलेजातूनच शिकावं लागतं, मग राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचं लायसन्स. शिवाय तिथे हे काम दोन वर्षांच्या असोसिएट पदवीवर मिळतं, त्यामुळे पदवीधरांसाठीच्या एच-वन-बी व्हिसात ते सहसा बसत नाही. कॅनडातही राष्ट्रीय परीक्षा आहे, आणि बाहेर शिकलेल्यांना तिला बसण्याआधी आपलं शिक्षण तपासून घ्यावं लागतं. इथली पदवी घेऊन विमानातून उतरलं आणि कामाला लागलं, असं होत नाही. पीआरचं तर कुठल्याच एजंटच्या हातात नसतं.

म्हणून परदेशच हवं असेल तर उलटीकडून विचार करा: आधी देश, मग तिथलं लायसन्स, मग ते देणारं कॉलेज. मला स्वतःला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची वाट जास्त सरळ वाटते. मेलबर्न किंवा ओटागो विद्यापीठात ‘बॅचलर ऑफ ओरल हेल्थ’ ही तीन वर्षांची पदवी आहे. त्यात हायजीनबरोबर दंत थेरपी, म्हणजे मुख्यतः लहान मुलांचे दात भरण्यासारखे साधे उपचारही शिकवतात, आणि पदवीनंतर तिथल्या दंत मंडळाकडे नोंदणीसाठी जाता येतं. फी मोठी आहे, कर्ज काढावं लागेल. दुकान तारण ठेवून हे करायचं का, हे तुम्हीच ठरवा. माझा सल्ला विचाराल तर लगेच नको.

कारण तुम्ही ज्या दाराकडे पाठ फिरवलीत ते बंद नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. वैद्यकीय शिक्षण विभागाचे अभ्यासक्रमही त्यात येतात. अट अशी की प्रवेश सीईटी सेलच्या केंद्रीय फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोटा आणि अभिमत विद्यापीठं यात येत नाहीत. तुमचा प्रवर्ग आणि उत्पन्न तुम्ही कळवलेलं नाही, पण छोटं दुकान म्हणता म्हणून लिहिते: मुलगी नीट पात्र आहे, तर खासगी बीडीएस कॉलेजं भरून सगळ्या फेऱ्यांत नाव ठेवा, शेवटच्या रिकाम्या जागांच्या फेरीपर्यंत. हॉस्टेल, मेस आणि हत्यारांचा खर्च मात्र तुमचाच, तो धरून चला. उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका. सेतूत गर्दी झाल्यावर फार धावपळ होते.

फेऱ्या चालू असताना मुलीला बार्शीतल्याच एखाद्या डेंटिस्टकडे आठ-दहा दिवस बसू द्या. ओळख काढा, नाही कोण म्हणणार? रक्त, लाळ, तोंडाचा वास, खुर्चीत रडणारं पोर, सगळं तिने जवळून बघावं. तुमच्या दोन पानांच्या पत्रात एजंटचं म्हणणं आहे, तुमचं आहे, मेव्हण्यांचंही आहे. तिला काय वाटतं ते कुठेच सापडलं नाही. पुढचं पत्र तिच्या हातचं आलं तर मला बरंच नेमकं सांगता येईल.

आणि तोवर एजंटला टोकनची रक्कम देऊ नका. दिली असेल तर पावती जपून ठेवा.